ग म भ न आणि एक काना

एखाद्याला एखाद्या विषयातलं काहीच कळत नसलं की आपण म्हणतो, त्याला त्यातलं ग म भ नसुद्धा येत नाही. व्यंजनं तर क पासून सुरू होतात, मग ही चार अक्षरं पुढे कशी आली? पाटीवर लिहून बघा, म्हणजे कळेल. चारही अक्षरांना उजव्या हाताला सरळ उभी रेघ आणि डावीकडे थोडी गोलाई नाहीतर गाठ. पाच-सहा वर्षांच्या पोराच्या बोटांना ती लवकर वळतात. हा क्रम हाताच्या सोयीनं लागलेला आहे. डोळ्याची आणि तोंडाची सोय त्यात पाहिलेली नाही, आणि माझं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं.

या चार अक्षरांचे शब्द करून पाहा. नभ, नग, मन, नमन, गमन, गगन, मगन. आता माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरचं पोर डोळ्यांसमोर आणा. त्याच्या घरात ‘गगन’ कोण म्हणतं? ‘गमन’ कोण करतं? त्याला आभाळ माहीत आहे, जाणं माहीत आहे. शब्द वाचला तरी डोक्यात काही उमटत नाही. याच चार अक्षरांना एक काना द्या. मामा, नाना, नाग, माग, भाग, मान, भान, गाभा. मामा म्हटलं की पोर हसतं, नाग म्हटलं की मागे सरतं. एका उभ्या रेघेनं एवढा फरक पडतो. पण आमच्या शाळांत वर्षानुवर्षं रिवाज असा, की पहिल्या सत्रात सगळी मुळाक्षरं आणि दिवाळीनंतर काना-मात्रा. म्हणजे जूनमध्ये शाळेत आलेल्या पोराला ‘मामा’ वाचायला डिसेंबर उजाडायचा.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षिका होते. नोकरीतली बहुतेक वर्षं पहिलीचा वर्ग घेतला, काही हौसेनं आणि काही दुसरं कुणी घ्यायला तयार नसायचं म्हणून. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा हा रिवाज आला कुठून, याच्या मागे लागले. फार मागे जावं लागलं.

पंतोजींची, म्हणजे जुन्या गावमास्तरांची, शाळा भरायची देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्या वाड्याच्या पडवीत. पंतोजींना पगार नसे. महिन्याचे काही शेर धान्य, सणावाराला शिधा, दसऱ्याला एखादं वस्त्र, अशावर त्यांचं चालायचं. मुलाच्या हातात पहिल्यांदा यायची ती धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची, पंतोजी त्यावर अक्षर काढून देणार, मुलानं त्यावरून बोट नाहीतर काडी फिरवत मोठ्यानं अक्षराचं नाव घ्यायचं. फळी हलवली की अक्षर पुसलं, पुन्हा पाटी कोरी. कागद महाग होता, त्यामुळे ही सोय मोलाची. हात बसला की मग बोरू, काजळीची शाई आणि कित्ता. बोरू तिरका तासायचा, त्याच्या टोकाला चीर द्यायची, आणि पंतोजींनी घालून दिलेल्या ओळीखाली तीच ओळ उतरवत राहायचं.

या शाळेत छापील पुस्तक नव्हतं. वाचायचं म्हणजे स्वतः लिहिलेलं वाचायचं. मुलगा शिकायचा तो कुलकर्ण्याच्या दप्तरासाठी, सावकाराच्या वहीसाठी, दुकानाच्या खात्यासाठी. म्हणून मोडी लिपी. आधी आडवी रेघ पानभर ओढून घ्यायची आणि हात न उचलता तिला अक्षरं लटकवत जायची. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नव्हती. लिहिणाऱ्याला ते सुखाचं, वाचणाऱ्याला संकट. माझ्या आजोबांना मोडी झरझर लिहिता यायची, पण दुसऱ्याची मोडी ‘लागायची’ नाही. भाऊबंदकीचे कागद वाचायला ते शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या तलाठ्याकडे जायचे, आणि तो तलाठीसुद्धा दोन जागी अडायचा.

लिहिणं आधी, वाचणं मागाहून, हा आपल्या शाळांचा मूळ पिंड. अक्षर हाताला आलं की मुलाला वाचता येतं, असं धरून चालायचं. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी यांचा संध्याकाळचा परवचा, तशीच अक्षरांचीही घोकंपट्टी. बाराखडी गाऊन म्हणायची: क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की. चौतीस व्यंजनं गुणिले बारा म्हणजे चारशे आठ आकार होतात. ते पाठ व्हायला वर्ष-दोन वर्षं सहज जायची. आणि हे सगळं कुणासाठी? ब्राह्मण, प्रभू, वाणी, काही मराठे-कुणबी अशांच्या मुलांसाठी. मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींना ओवरीची पायरीसुद्धा बंद. इंग्रज अधिकाऱ्यांनी १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यातल्या शाळांची मोजदाद केली, तेव्हा सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजार विद्यार्थी भरले. लोकसंख्या तेव्हा ४५ लाखांच्या वर होती. जुन्या गावशाळांचे गोडवे गाताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत.

याच धूळपाटीनं एक गंमत केली. मद्रासच्या एग्मोरला लष्करी अनाथ मुलांचं आश्रयस्थान होतं, आणि अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून ते सांभाळत होता. एका देशी शाळेतली मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना त्यानं पाहिली आणि हीच युक्ती आपल्या वर्गात आणली. त्याबरोबरच मोठ्या मुलानं लहानाला शिकवायची पद्धतही उचलली. १७९७ मध्ये त्यानं लंडनला याचा वृत्तान्त छापला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर यानं लंडनमध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली, तीही याच धर्तीवर: वाळूचे ट्रे, हाताखाली मॉनिटर, आणि एका पुस्तकाची पानं मोठ्या अक्षरांत छापून भिंतीला टांगलेली. मुलं अर्धवर्तुळात उभी राहून ती वाचणार. एका पुस्तकात अख्खी शाळा!

मुंबईत १८२२ साली शाळापुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली. पाच वर्षांनी तिचं नाव ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ झालं. तिच्या समितीनं देशी शाळांची पाहणी करून चार उणिवा सांगितल्या: पुस्तकं नाहीत, शिकवण्याची चांगली रीत नाही, तयार शिक्षक नाहीत, पैसा नाही. रीत कुठली आणायची? तर लँकेस्टरची. आपल्याच ओवरीतली धूळ विलायतेची वारी करून, साहेबाचा शिक्का घेऊन परत आली. या पद्धतीतला भिंतीवरचा तक्ता मात्र आपल्याकडे नवा होता. आजही कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत पाऊल टाका, पहिली नजर जाते ती त्याच तक्त्याकडे.

सोसायटीच्या सुरुवातीच्या पुस्तकांत ‘लिपिधारा’, ‘बोधवचन’, ‘नीतिकथा’ ही नावं आहेत. १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, यांचं ‘बाळमित्र’ आलं, त्याच साली इसापनीतीही आली. ‘बाळमित्र’ मूळ फ्रेंच, इंग्रजीतून मराठीत उतरलेलं. मुलांसाठी मराठीत काही छापावं ही कल्पनाच त्या काळी धाडसाची होती, त्यामुळे मी छत्र्यांच्या बाजूनं आहे. पण या क्रमात काय झालं बघा. लिपी संपली की बोध, बोध संपला की नीती. अक्षर ओळखलं रे ओळखलं की मुलाला शहाणं करायची घाई. हसवायचं, चकवायचं, उत्सुकता लावायची हे कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

छपाईनं दोन मोठ्या गोष्टी मात्र केल्या. पहिली, बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, शाळेची लिपी झाली. मोडीचे खिळे पाडणं अवघड असलं तरी अशक्य नव्हतं. विल्यम कॅरीनं सेरामपूरला १८१० साली मराठी शब्दकोश मोडीतच छापला होता. पण मुंबई-पुण्यात छापखाना रुळला तो बाळबोधीत. दुसरी गोष्ट माझ्या मते याहून मोठी: छापील पानावर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा आली. पाठोपाठ मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हं रुजवली. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह. शिकवणाऱ्याला विचारा, शब्द कुठे संपतो हे कळणं म्हणजे अर्धं वाचन. शाळाखात्याच्या सगळ्या परिपत्रकांनी मिळून केलं नसेल एवढं काम त्या मोकळ्या जागेनं केलं आहे.

मोडी लगेच गेली नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध दोन्ही वाचता-लिहिता यावं, हिशेब यावा, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख व्हावी, शेतीचं आणि आरोग्याचं काही शिकवावं, अशी मागणी आहे. फुल्यांचा हेतू व्यवहारी होता. कुणब्याच्या पोराला कुलकर्ण्यानं लिहिलेला कागद स्वतः वाचता आला पाहिजे, म्हणजे अंगठा उठवण्याआधी तो विचार करील. त्याच निवेदनात त्यांनी शिक्षक कसा असावा हेही सांगितलं आहे: नांगराची मूठ धरणारा, सुताराची तासणी चालवणारा, खालच्या थरातल्या लोकांत सहज मिसळणारा. आज शिक्षक भरतीच्या जाहिरातींत पात्रतेची लांबलचक यादी असते, हे एक कलम कुठे दिसत नाही.

सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १८९३ ला अमरेलीपासून आणि १९०६ ला संस्थानभर सक्तीचं शिक्षण आणलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ते मोफत आणि सक्तीचं केलं. वर्ग भरले. ज्यांच्या घरात कधी अक्षर नव्हतं अशी मुलं पाटी घेऊन बसली. रीत मात्र तीच राहिली, पन्नास पोरांपुढे एक मास्तर आणि घोकंपट्टी. धूळपाटीच्या जागी दगडी पाटी आली. तिचा कोपरा फुटायचा, तिच्यावर थुंकी लावून पुसायची हे आमच्या पिढीपर्यंत चाललं. घरोघरी अंकलिपी आली: चार पैशांची, पातळ, मागे पाढे छापलेली.

आणि तपासणी आली. दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, येणार म्हटलं की शाळा सारवली जायची, मुलांची नखं पाहिली जायची, आणि एक धडा महिनाभर आधीपासून घोटला जायचा. माझे वडील व्हर्नाक्युलर फायनल होऊन मास्तर झाले होते. ते सांगायचे, की दिपोटीनं पुस्तक मिटून पुढं म्हण म्हटलं तर पोरं जास्त चांगलं वाचत! यात विनोद नाही. पाठ झालेलं वाचणं आणि वाचता येणं यातला फरक बाहेरून दिसतच नाही. मला तो पकडायला एक साधी खूण सापडली होती. पानाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा कुठला? पाठ करणारं पोर गप्प होतं. त्याचे ओठ हलायला लागतात. ते ओळीच्या आरंभापासून मनातल्या मनात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत चालत येतं आणि मग मोठ्यानं शब्द सांगतं. अक्षरांचंही तेच. ‘ध’वर बोट ठेवलं की त थ द ध अशी पावलं टाकत येणार. त्याच्या लेखी ध हे अक्षर नसतंच. ती एका गाण्यातली चौथी जागा असते.

वर्णमालेचा क्रम हा आपल्या पूर्वजांच्या बुद्धीचा मोठा नमुना आहे, यात शंका नाही. कंठापासून ओठांपर्यंत, उच्चाराच्या जागेनुसार लावलेला. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला त्यात केवढा आनंद मिळतो! पण तो लावला गेला मुखोद्गत परंपरेसाठी, डोळ्यांसाठी नव्हे. पहिलीच्या पोराला तो पहिल्या ओळीतच ख, घ, ङ देतो. ङ पुढे आयुष्यात क्वचितच भेटतो. ट ठ ढ एकाच घरात शेजारी. घ आणि ध, ब आणि व हे लांब असूनही डोळ्याला फसवणारे, आणि भ-म तर शेजारीशेजारीच. पहिली वेलांटी तर त्याहून वस्ताद: अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. र तर चार रूपांनी येतो: सूर्यात डोक्यावर, चंद्रात पायाशी, राष्ट्रात आणखी निराळा, आणि वाऱ्यात आडवा. बाराखडी म्हणता येणाऱ्या मुलानं ‘सूर्य’पाशी अडणं साहजिक आहे.

बदल आला तो दोन वाटांनी. एक वाट पुस्तकाची. आचार्य अत्रे पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले, आणि १९३०च्या दशकात त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ काढली. अत्रे विनोदी नाटककार होते हे इथं कामी आलं. वाचनमालेत गंमत असायला हरकत नाही, हे एकदाचं मान्य झालं.

दुसरी वाट बालवाडीची, आणि माझ्या मते ती जास्त खोल गेली. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक काही वर्षांनी त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँटेसरीबाईंची खरकागदाची अक्षरं इथं आली: पाटीवर चिकटवलेलं खरबरीत अक्षर, त्यावरून मूल दोन बोटं फिरवतं आणि त्याचा आवाज काढतं. अक्षराचं नाव नाही, आवाज. पाहिलंत ना, धूळपाटीच पुन्हा आली, पण आता ती डोळा, बोट आणि कान तिन्हींना एकाच वेळी कामाला लावत होती.

माँटेसरीचं साहित्य महाग होतं. ताराबाईंनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं साहित्य म्हणजे शिंपले, बिया, माती, पानं, काड्या. वारली मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. कोसबाडची माणसं एक गोष्ट नेमकी ओळखून होती: पुस्तकातली मराठी ही या मुलांची बोली नाही. म्हणून आधी गप्पा, गाणी, गोष्टी, त्यांच्या शब्दांत, अक्षर नंतर. आमच्या अध्यापक विद्यालयात कोसबाडवर एक प्रश्न हमखास यायचा, पाच गुणांचा. उत्तर आम्ही पाठ करायचो.

२७ जानेवारी १९६७ ला बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकच पुस्तक पोचलं, स्वस्त, चित्रांचं. हे फार मोठं काम होतं, ते मान्य करूनच पुढचं बोलते. १९८७ नंतर खडू-फळा योजनेतून शाळांना साहित्याच्या पेट्या आल्या. शब्दपट्ट्या, चित्रकार्डं, गुंडाळफळे, तक्ते. पेट्या कपाटात गेल्या आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. कार्ड हरवलं तर जबाब द्यावा लागे, म्हणून ती मुलांच्या हातांत जायची नाहीत.

ती बाहेर काढली की निराळी अडचण. ख खटाऱ्याचा. चित्रात बैलगाडी काढलेली. माझ्या वर्गात त्या चित्रावर बोट ठेवून पोरं ठणकावून सांगायची, बैलगाडी! आणि मग खाली ख दिसला की ‘ब’ म्हणायची, कारण बैलगाडी ब नं सुरू होते. झ झबल्याचा, तर आमच्याकडे झबल्याला अंगडं म्हणायचे. ण ची तर गोष्टच निराळी. ण नं सुरू होणारा शब्दच नाही, म्हणून बाण काढायचा, आणि मूल शिकणार ब. चित्र मदतीला दिलेलं असतं, पण ते मुलाला अक्षराकडे बघूच देत नाही. मी कार्डाची चित्राची बाजू दुमडून ठेवू लागले. केंद्रप्रमुखांनी शेरा मारला: साहित्याची मोडतोड.

याच सुमारास आमच्याच जिल्ह्यात फलटणला एक वेगळं काम चाललेलं होतं. मॅक्सीन बर्नसन जन्मानं अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं. शाळेतून गळालेल्या दलित मुलांना वाचायला शिकवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. त्यांनी मराठी लिपीकडे भाषाशास्त्रज्ञाच्या नजरेनं पाहिलं. सगळी मुळाक्षरं आधी संपवायची नाहीत. थोडी अक्षरं घ्यायची आणि काना-वेलांटीसारखी स्वरचिन्हं त्यांच्याबरोबरच द्यायची. तेवढ्यातून मुलाच्या तोंडातले शब्द, शब्दांतून वाक्यं, लगेच वाचायला मजकूर. मग पुढचा गट. रोज गोष्ट वाचून दाखवायची, आणि मुलांना मनातलं लिहू द्यायचं, शुद्धलेखनाच्या भीतीशिवाय.

मला या पद्धतीबद्दल कळलं ते एका शिबिरात. परत आल्यावर जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच फळ्यावर ‘मामा’ लिहिलं. एका पोरीनं तो शब्द वाचला, मग दोन्ही कान्यांवर बोट ठेवून म्हणाली, “बाई, ह्या काठ्या काढल्या तर मम.” मम म्हणजे आमच्याकडे तान्ह्या बाळाचं पाणी. वर्ग हसला, आणि तेवढ्यात पोरांना कान्याचं काम कळलं. ज्याला आम्ही दिवाळीनंतरसाठी राखून ठेवायचो ते जूनमध्ये एका पोरीनं शिकवून टाकलं.

मुंबईत १९९४ साली माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. त्यांच्याकडे प्रश्न वेगळा होता: तिसरी-चौथीत पोचलेली, तरी न वाचणारी मुलं. त्यांनी जुन्या बाराखडीचाच तक्ता घेतला, पण घोकायला नाही. रोज थोडा वेळ आडवा वाचायचा, उभा वाचायचा, त्यातून शब्द काढायचे, आणि त्याच दिवशी छोटा परिच्छेदही हातात. मुलं इयत्तेप्रमाणे बसवायची नाहीत, त्यांना किती वाचता येतं त्याप्रमाणे गट करायचे. २००५ पासून त्यांची ‘असर’ पाहणी सुरू झाली. एक कागद, त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाच्या घरी जाऊन, अंगणात बसून वाचायला द्यायचा. दिपोटीपुढची शंभर वर्षांची नाटकं या एका कागदानं उघडी पाडली. शिक्षक संघटना चिडल्या, मीही तेव्हा बैठकीत चिडूनच बोलले होते, पण कागद खोटं बोलत नव्हता.

पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही संस्था २००७ पासून याच कामात आहे. कोसबाडच्या परिसरात सुरू झालेला धागा तिथं पुढे चाललेला दिसतो. आणि वाचता येऊ लागलेल्या मुलाच्या हाती द्यायला आता पुस्तकंही आहेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं वर्गात ठेवली तर ती आठवड्यात फाटतात. फाटलेलं पुस्तक हा मी वाचनाचा चांगला पुरावा मानते.

सरकारनं २००९ मध्ये वर्णमालेत ॲ आणि ऑ घेतले, बाराखडीची चौदाखडी झाली. २०२१ पासून निपुण भारत अभियान आहे. तिसरीच्या मुलानं मिनिटाला साठ शब्द समजून वाचावेत, असं त्याचं लक्ष्य. समजून हा शब्द त्यात आहे, हे चांगलं. साठाचं मला पटत नाही. हिंदीत जे ‘स्कूल के पास वाले’ असे चार शब्द होतात, ते मराठीत ‘शाळेजवळच्या’ एवढा एकच होतो. आमचे शब्द लांब, प्रत्यय पोटात घेऊन बसणारे. दोन भाषांना घड्याळ एकच लावलं की मराठी मूल उगाच मागे दिसतं. आणि जिथं घड्याळ येतं तिथं पुन्हा घोटून घेणं येतं.

शेवटी एक विनंती, मुख्याध्यापकांना. जूनमध्ये वर्गवाटप करताना सातवी सगळ्यांत अनुभवी गुरुजींना आणि पहिली कालच रुजू झालेल्या पोरीला, ही वाटणी बंद करा. पहिली मुरलेल्या माणसाकडे द्या. कार्डांच्या कपाटाची किल्लीही त्याच्याकडे द्या. आणि त्यानं पहिल्या आठवड्यात फळ्यावर काना काढला, तर दप्तरात शेरा मारू नका.